डरबनला वर्ल्ड कप बघायला जायचंय? मग शेवटच्या बॉलनंतरचं आधी ठरवा

मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलंय की २०२७चा वनडे वर्ल्ड कप साऊथ आफ्रिकेत आहे, भारताची मॅच डरबनला लागली तर आम्ही चौघं जायचं म्हणतोय, मी, मिस्टर, बारा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे, सासरे पक्के शाकाहारी, आत्तापर्यंत परदेश म्हणजे फक्त दुबई, तर पॅकेज घ्यावं की स्वतः करावं, राहावं कुठे आणि तिथे सेफ आहे का.

ताई, बडोद्यात टूर्सचा धंदा करून मला पंचवीसेक वर्षं झाली, त्यात मॅच बघायला माणसं नेणं हा माझा जरा वेडेपणाचा भाग, पैसा फार सुटत नाही पण मजा येते. डरबनला तीनदा जाऊन आलोय. म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

सगळे जण प्लॅन करतात टॉसपर्यंतचा. तिकीट मिळालं, विमान मिळालं, हॉटेल मिळालं, जर्सीवर नाव छापून झालं, संपलं. शेवटचा बॉल पडल्यावर काय, हे कोणी ठरवतच नाही, आणि माझ्या अनुभवात रडारड होते ती तिथेच. जाणं सोपं असतं हो, सुटणं अवघड. आपल्या कोटंबीला मॅच बघून स्टेडियमच्या आवारातून हालोल रोडला लागायला मला एकदा दीड तास लागला होता, आणि ते तर घरचं मैदान, भाषा आपली, गाडी आपली, फार तर घरी फोन करून सांगायचं की जेवून घ्या. परक्या गावात रात्री दहाला सासऱ्यांना घेऊन तोच दीड तास कसा जाईल ते डोळ्यासमोर आणा.

आणि हे फक्त आपल्यासारख्या साध्या माणसांचं होतं असं नाही. २०२४चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप आठवा, २९ जून, बार्बाडोसचं ब्रिजटाऊन, तेही समुद्रकाठचंच गाव, शेवटच्या ओव्हरला साऊथ आफ्रिकेला सोळा हवे होते आणि बॉल आपल्या बडोद्याच्या हार्दिकच्या हातात, पहिल्याच बॉलला सूर्याचा तो बाउंड्रीवरचा कॅच, सात रनांनी जिंकलो. पुढे? बेरिल नावाचं चक्रीवादळ आलं, एअरपोर्ट बंद झाला आणि वर्ल्ड कप जिंकलेली टीम हॉटेलातच अडकली, खास विमान पाठवलं तेव्हा ४ जुलैला सकाळी दिल्लीत उतरली. चॅम्पियन टीमची ही गत, मग आपल्या चार माणसांचं काय.

डरबनचाच किस्सा घ्या. २०१० साली फुटबॉल वर्ल्ड कपची सेमीफायनल तिथल्या मोझेस मभिदा स्टेडियमवर होती, ७ जुलैला, स्पेन विरुद्ध जर्मनी. नवा किंग शाका एअरपोर्ट त्याच वर्षी १ मेला सुरू झालेला, अगदी कोरा. मॅचच्या दिवशी खाजगी विमानांची एवढी गर्दी झाली की जोहान्सबर्ग-केपटाऊनहून प्रेक्षकांना घेऊन आलेल्या काही विमानांना उतरायला जागाच मिळेना, वरच घिरट्या घातल्या आणि काही परत गेली. हातात तिकीट असलेल्या शेकडो लोकांची मॅच गेली. स्पेनच्या पुयोलने हेडरने गोल मारला तेव्हा ती माणसं विमानात नाहीतर भलत्याच एअरपोर्टवर बसलेली. म्हणून माझा नियम: मॅचच्या दिवशी विमान नाही. दोन रात्री आधी पोचायचं आणि मॅचनंतर किमान एक पूर्ण दिवस ठेवून निघायचं. एजंट म्हणेल की सकाळी लँड व्हा, दुपारी मॅच, हॉटेलची एक रात्र वाचते, तर त्याला नमस्कार करा.

आता पाऊस. डरबन म्हणजे आपल्या मनातली कोरडी आफ्रिका नाही. दमट हवा, वर्ल्ड कप व्हायचा त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिथला उन्हाळा सुरू होतो आणि पाऊसही तेव्हाच सुरू होतो, संध्याकाळी ढग जमले की काही सांगता येत नाही. १० डिसेंबर २०२३ला भारताची टी-ट्वेंटी होती किंग्समीडला, म्हणजे डरबनच्या क्रिकेट मैदानावर, मी अकरा जणांचा ग्रुप घेऊन गेलो होतो, वाडी-रावपुऱ्याकडची सगळी मंडळी. एक बॉल नाही पडला हो. टॉस पण नाही. अकरा माणसं प्लास्टिकचे रेनकोट घालून कव्हरकडे बघत बसली, एक काका मला म्हणाले, एवढ्या पैशात मी कव्हर ओढणाऱ्यांची फिल्डिंग बघितली. पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला त्याच मैदानावर संजू सॅमसनने पन्नास बॉलांत १०७ ठोकले आणि आपण ६१ रनांनी जिंकलो, त्या अकरांतले फक्त तिघं परत आले होते, बाकीच्यांनी टीव्हीवर बघून मला शिव्या घातल्या.

पावसाने तिथे यजमानांनाच रडवलंय. २००३चा वर्ल्ड कप, ३ मार्च, साऊथ आफ्रिका-श्रीलंका, पाऊस येणार हे दिसत होतं आणि पावसाने मॅच थांबली तर किती रन हवेत ते सांगणारा डकवर्थ-लुईसचा कागद हातात घेऊनच सगळं चाललेलं. कागदावर २२९ होते, ते होते बरोबरीचे, जिंकायला एक जास्त हवा होता. साऊथ आफ्रिकेच्या बाउचरने मुरलीधरनला सिक्स मारून २२९ केले आणि आता झालं असं समजून पुढचा, म्हणजे ओव्हरचा शेवटचा बॉल नुसता तटवला. पाऊस आला, मॅच टाय, साऊथ आफ्रिका स्वतःच्या वर्ल्ड कपमधून बाहेर. सांगायचं कारण एवढंच की मॅच हा प्लॅनचा एक भाग ठेवा, सगळा प्लॅन मॅचवर टांगू नका. मॅच धुवून गेली तरी पोराला आणि सासऱ्यांना आठवण राहील असं गाव आहे ते, त्यावर येतोच.

आधी बुकिंगचा क्रम सांगतो कारण इथेच लोक उलटं करतात. सगळ्यात आधी राहायची जागा, पण फुकट कॅन्सल होणारीच. मग मॅचचं तिकीट, ते फक्त आयसीसीच्या अधिकृत विक्रीतून किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकृत टूरवाल्यांकडून, कोणाच्या मेव्हण्याकडे चार एक्स्ट्रा आहेत वगैरे ऐकायचंसुद्धा नाही. तिकीट हातात आलं की मग विमान आणि व्हिसा. आणि जागा घेताना फार स्वस्ताच्या मागे लागू नका, एकदा एका स्पर्धेला मी एका गेस्ट हाऊसमध्ये सहा खोल्या कित्येक महिने आधी घेऊन ठेवल्या होत्या, वेळापत्रक जाहीर झालं, भाव चौपट झाले आणि तिसऱ्या दिवशी मेल, तांत्रिक कारणाने तुमचं बुकिंग रद्द. तांत्रिक कारण म्हणजे काय ते आपल्याला कळतं. तेव्हापासून मी बुकिंग झाल्यावर आठवड्यात फोन करतो, नाव विचारून घेतो, आणि मालक बोलायला बरा वाटला तरच पुढचं.

विमानाचं सांगायचं तर भारतातून तिकडे सरळ विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतं. तुमच्यासाठी अहमदाबाद-दुबई-डरबन बरं, दुबई तुम्हाला माहीत आहे आणि सासऱ्यांना जोहान्सबर्गला अजून एकदा चढ-उतार नको. नैरोबी किंवा अदिस अबाबावरून तिकीट स्वस्त दिसतं, पण ते देश पिवळ्या तापाच्या यादीतले आहेत, तिथल्या एअरपोर्टवर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर साऊथ आफ्रिका लसीचा दाखला मागते. ती लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टर सहजासहजी देत नाहीत, विचार करून देतात. चार पैसे वाचवायला एकाहत्तरच्या माणसाला त्यात कशाला घालायचं. पासपोर्टला दोन कोरी पानं हवीत, आणि मुलाचा जन्माचा दाखला आई-वडील दोघांची नावं असलेला सोबत ठेवा, लहान मुलांच्या बाबतीत ते लोक फार कडक आहेत.

राहायचं कुठे. समुद्राला लागून डरबनचा तो लांबच लांब किनारा आहे, गोल्डन माईल म्हणतात, किंग्समीड तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. नकाशात बघून प्रत्येकाला वाटतं वा, हॉटेल बीचवर, मॅच चालत. दिवसा ठीक आहे, मॅचला जाताना गर्दीसोबत चालत जा, मस्त वाटतं. रात्री परत येताना नाही. सेफ आहे का हा तुमचा प्रश्न, त्याचं माझं उत्तर असं की डरबनमध्ये वेळ आणि रस्ता बघून वागलात तर सेफ, आपल्यासारखं रात्री अकराला कुल्फी खायला पायी निघालात तर नाही. म्हणून कुटुंब असेल तर मी उम्हलांगाला ठेवतो, शहर आणि एअरपोर्टच्या मध्ये येतं, समुद्रावर फिरायला छान रस्ता, लाल-पांढरं दीपगृह, मोठा मॉल, सासरे संध्याकाळी आरामात फिरू शकतील. मैदान लांब पडतं हे खरं, पण गाडी तर रात्री दोन्हीकडे लागणारच.

आणि ती गाडी, ताई, हेच ते शेवटच्या बॉलनंतरचं. मॅच सुटली की हजारो लोक एकाच मिनिटाला मोबाईल काढून टॅक्सी बोलावतात, भाडं वाढत जातं, नेटवर्क जातं, ड्रायव्हर म्हणतो गेटपाशी येता येत नाही आणि गेट कोणतं ते आपल्याला माहीत नसतं. मी काय करतो, तिथला एक ड्रायव्हर पूर्ण दिवसासाठी ठरवतो, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत मैदानाला एक चक्कर मारतो आणि भेटायची जागा ठरवतो, गेट नाही, गेटपासून दोन चौक लांबचा पेट्रोल पंप. पंपावर उजेड असतो, माणसं असतात, बाथरूम असतं. त्या जागेचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये, आणि कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात.

कागद का, तर त्या पावसाच्या रात्रीच आमचे एक काका हरवले. बाथरूमला जातो म्हणाले आणि बाहेर पडणाऱ्या लोंढ्यात वाहून गेले. फोन होता पण रोमिंग चालू नव्हतं, घरी बायकोने सांगितलं होतं की बिल येतं. मी पंपावर दहा माणसं मोजतोय, परत मोजतोय, तीन वेळा मोजली, दहाच. वीस मिनिटांनी एक उंच माणूस पिवळं जॅकेट घातलेला, हाताला धरून काकांना घेऊन आला. तिकडे रस्त्यावर लावलेल्या गाड्या राखणारे असतात, कार गार्ड म्हणतात, त्यातला एक. काकांनी त्याला खिशातला कागद दाखवला होता, बस, एक शब्द इंग्लिश न बोलता. काकांनी त्याला पैसे द्यायला पाकीट काढलं तर आत फक्त आपल्या पाचशेच्या नोटा. तिथले पैसे, रँड, मी दिले. त्या माणसाने गांधीजींची नोट उलटसुलट बघितली आणि हसत म्हणाला, हा तर आमचा माणूस.

खोटं नव्हतं ते. गांधीजी १८९३ साली डरबनलाच उतरले, दादा अब्दुल्ला या गुजराती व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी, आणि ७ जूनला पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवलं. ते स्टेशन डरबनहून साधारण ऐंशी किलोमीटर, अर्ध्या दिवसात होतं. १९०४ साली त्यांनी वसवलेली फिनिक्सची वस्ती डरबनच्याच अंगाला, इनांडा भागात, आणि तिथेच जवळ ओहलांगेची शाळा, जिथे मंडेलांनी १९९४ला आयुष्यातलं पहिलं मत टाकलं. इनांडाला स्वतः गाडी काढून जाऊ नका, तिथला गाईड घ्या, सकाळी जा, जेवायच्या वेळेला परत. मॅच बुडाली तरी सासऱ्यांना वाटेल ट्रिप वसूल झाली.

गावात भारतीय पुष्कळ. पहिलं जहाज ट्रुरो, मद्रासहून, १६ नोव्हेंबर १८६०ला मजूर घेऊन लागलं, उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेली माणसं, मागून गुजराती व्यापारी स्वतःचं तिकीट काढून आले. व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटला नक्की जा, मसाल्यांचे डोंगर रचलेले असतात आणि एका जहाल तिखटाच्या ढिगावर पाटी असते, मदर-इन-लॉ एक्स्टरमिनेटर, म्हणजे सासू-संहारक. तुमच्यासोबत सासरे आहेत, सासूबाई नाहीत, तरी फोटो काढताना जपून. एका दुकानदार आजोबांशी मी आपल्या बडोदी गुजरातीत बोललो, ते उत्तर देत होते तेही गुजरातीतच, पण असे शब्द की माझी आजीसुद्धा जुने म्हणाली असती. पणजोबांनी आणलेली भाषा तशीच डब्यात ठेवल्यासारखी.

सासऱ्यांच्या जेवणाची काळजी करू नका. तिथला फेमस पदार्थ बनी चाऊ, नावात बनी असलं तरी सशाचा काही संबंध नाही, पावाची अख्खी लादी कापून आतला मऊ भाग काढायचा आणि पोकळीत रस्सा भरायचा, काढलेला पाव वर झाकणासारखा. मटणाचा जास्त चालतो, पण बीन्सचाही सगळीकडे मिळतो, काउंटरवर नुसतं क्वार्टर बीन्स म्हणायचं, म्हणजे चतकोर लादीचा. हाताने खायचा, चमचा मागितलात तर बघतात. आपल्या सेव-उसळीवर वाढलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो, वर शेव तेवढी नाही. घरून खाखरा-थेपले घेऊन जा, ताजी फळं, भाजी, बी-बियाणं मात्र बॅगेत नको.

समुद्राचं एक सांगायलाच हवं कारण बारा वर्षांचा मुलगा आहे. पाणी उबदार असतं, अगुल्हास नावाचा गरम प्रवाह वाहतो तिकडून, आणि शार्क पण असतात. १९५२पासून डरबनच्या किनाऱ्यांना शार्कसाठी जाळ्या लावलेल्या आहेत, लाईफगार्ड असतात, झेंडे लावलेले असतात, त्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं, वीस फूट इकडे चालेल का वगैरे नाही. लाटा दिसतात त्यापेक्षा जोरात ओढतात. नोव्हेंबरात तिकडे सकाळी पाचलाच उजाडतं, तेव्हा जा, सगळं गाव पळायला आलेलं असतं. आणि संध्याकाळी साडेसहाला अंधार, तो हिशोब लक्षात ठेवा.

मुलाला क्रुगरचं जंगल दाखवायचा मोह होईल, दाखवा, पण तो भाग मलेरियाचा आहे आणि ऑक्टोबरपासून सीझन, आधी डॉक्टरला विचारा. नाहीतर जोहान्सबर्गकडून पिलानेसबर्ग करा, तिथे मलेरिया नाही. स्वतः गाडी चालवायची तर आपल्यासारखंच डाव्या बाजूने, पण रात्री हायवे नको. रस्ता विचारलात आणि कोणी म्हणालं रोबोटला लेफ्ट घ्या, तर घाबरू नका, रोबोट म्हणजे सिग्नल. आणि जस्ट नाऊ येतो म्हणाला तर तो आत्ता येत नाही, आपल्या हा-आलोच सारखं आहे ते. ड्रायव्हरला नेहमी घड्याळातली वेळ सांगा.

पॅकेज की स्वतः? तुम्ही चौघं, त्यात एक ज्येष्ठ आणि एक लहान, तर मधलं करा, विमान आणि हॉटेल स्वतः, मॅचच्या दिवसाची गाडी आणि इनांडाचा गाईड कोणाकडून तरी ठरवून. माझा धंदा बुडतोय हे बोलून, पण पूर्ण पॅकेजमध्ये सगळ्या ग्रुपच्या घड्याळावर चालावं लागतं आणि सासऱ्यांना ते झेपणार नाही. सीट पश्चिमेकडच्या स्टँडची मिळाली तर घ्या, दुपारनंतर सावली तिथे आधी येते. गवताच्या उतारावर बसायची तिकिटं स्वस्त आणि मजेची, मुलाला आवडेल, पण सासऱ्यांचे गुडघे बघून ठरवा.

राहिलं काय, हो, चार्जर. तिथे भिंतीत मोठ्या तीन पिनांचं सॉकेट असतं, एअरपोर्टवर त्याचं अडॅप्टर भारी किमतीला विकतात. आपल्या गिझरला किंवा एसीला असतो ना तो जाडा पंधरा अँपिअरचा प्लग, तोच बसतो तिथे. रावपुऱ्यात इलेक्ट्रिकच्या दुकानातून तसा प्लग लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड करून घ्या, चार मोबाईल एकदम लागतात, आणि मॅचच्या आदल्या रात्री चौघांचे चारही फुल करून झोपा.